मागचा हुंकार, कुरकुरणारा गिअर : जुन्या पिकअपचे प्रश्न

या वेळच्या टपालात जुन्या पिकअपचेच प्रश्न जास्त आहेत. पावसाळा सरला की दरवर्षी असंच होतं; चार महिने पाण्यातून आणि खड्ड्यांतून गेलेल्या गाड्या ऑक्टोबरात बोलायला लागतात. उत्तरं मागच्या चाकांना चाल असलेल्या, हाताने गिअर टाकायच्या डिझेल पिकअप धरून दिली आहेत. तेलाचं माप, मोकळीक, नट आवळायचा टॉर्क (जोर) मॉडेलगणिक बदलतात. खाली दिलेले आकडे अंदाजासाठी आहेत, शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

प्रश्न : २०१२ची पिकअप, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. रोज मार्केट यार्डात माल येतो. पन्नासच्या पुढे मागून 'हूंऽऽ' असा आवाज येतो. एक मिस्त्री म्हणतो क्राऊन-पिनियन गेली, दुसरा म्हणतो चाकाचं बेअरिंग. दोघांनी सांगितलेल्या रकमेत चौपट फरक आहे. कोणाचं ऐकू? (मंचर)

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. (क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यात, डिफरन्शियलमध्ये असलेली दातेरी चाकांची जोडी: छोटी पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते आणि क्राऊन मागच्या चाकांना. ही जोडी ज्या लोखंडी पेटीत असते ते हौसिंग.) हौसिंग उघडायच्या आधी गाडी चालवून बघा आणि आवाज कशाने बदलतो तेवढं टिपा. तो किती मोठा आहे याला फार अर्थ नाही. मोकळ्या हौद्याची पिकअप ढोलासारखी घुमते आणि बारीक आवाजही भयंकर वाटतो.

पहाटे, माल उतरवल्यावर, सपाट आणि रिकामा रस्ता धरा. शेजारी एक माणूस बसवा, काचा खाली घ्या, वेग साठवर स्थिर करा. आता रेस थोडी वाढवा, मग पूर्ण सोडा, मग वेग जेमतेम टिकेल इतकीच द्या. रेसबरोबर आवाज चढत-उतरत असेल तर तो डिफरन्शियलचा, कारण रेस दिली-सोडली की क्राऊनचे दात पिनियनवर टेकायची बाजूच बदलते. रेसशी काही देणंघेणं नाही आणि आवाज फक्त वेगाने वाढतो, असं असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. याच सपाटीवर, इंजिन चालू ठेवून, दोन-तीन सेकंद न्यूट्रल करून बघा. इंजिन खाली आलं तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग यादीतून गेले.

बेअरिंग की टायर हे ओळखायला गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, काँक्रीटवर एक आणि डांबरावर दुसरा. टायरवरून तळवा आधी पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर आवाजाचं मूळ तिथेच आहे, आणि खर्चही तेवढ्यावरच भागेल.

मग गाडी जागेवर तपासा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, मागचा अ‍ॅक्सल उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. एक हात पाट्यांवर (अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांवर) ठेवून दुसऱ्याने चाक सावकाश फिरवा. बेअरिंग खराब असेल तर पाट्यांमधून बोटांना वाळूसारखी खरखर जाणवते. ती कानाआधी हाताला कळते. चाक वर-खाली धरून हलवलं आणि टकटक झालं तर प्ले (ढिलेपणा) आहे. त्यानंतर प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सकडून मागे ओढ नेणाऱ्या लांब दांड्याचं) मागचं टोक जिथे जोडलं आहे ती पिनियनची फ्लँज (जोडाची चकती) घट्ट धरून वर-खाली करा. तिथे वर-खाली अजिबात हलता कामा नये. हलली तर पिनियनचं बेअरिंग सैल झालं आहे. गोल फिरवताना थोडी मोकळीक लागतेच, तिला घाबरू नका.

समजा आवाज डिफरन्शियलचाच ठरला. रेस देतानाच येतो, तर दातांची पुढची बाजू झिजली आहे किंवा बसवणी बिघडली आहे. रेस सोडल्यावरच येतो, तर पहिला संशय पिनियनच्या बेअरिंगच्या सैलपणावर. सारखी जाड गुरगुर असेल तर बेअरिंगं. फक्त वळणावर कडकड येत असेल तर स्टार-पिनियन (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी डिफरन्शियलमधली छोटी दातेरी चाकं), कारण सरळ जाताना ते आपल्या जागी फिरतच नाहीत.

क्राऊन-पिनियन बदलायचीच वेळ आली तर जोडीनेच घ्या, दोन्हींवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. बसवताना डायल गेज लावून दातांतली मोकळीक मोजायला सांगा. या आकाराच्या हौसिंगमध्ये ती साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते. दातांना रंग लावून ठसाही बघायचा. तो दाताच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. गेज न काढता 'हाताला बरोबर लागतंय' म्हणणारा कारागीर असेल तर काम दुसरीकडे न्या. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण माल भरू नका, आणि हजाराच्या आसपास तेल बदला. पहिल्या तेलात झिजेची भुकटी असते.

आता खर्चाचं. वर्षभर एकाच सुरात रडणारी क्राऊन-पिनियन तेल नीट असेल तर अजून बरीच चालू शकते. गुरगुरणारं बेअरिंग मात्र थांबत नाही. ते फुटलं की तुकडे दातांत जातात आणि मग चौपट रक्कम सांगणारा मिस्त्री खरा ठरतो.

प्रश्न : माल भरून गाडी उचलताना खालून 'कट्' असा ठोका बसतो. रिव्हर्स टाकल्यावरही. रिकामी असताना कमी. आणि पहिल्यात क्लच सोडताना अख्खी केबिन थरथरते. क्लच प्लेट टाकून झाली, फरक शून्य. (सासवड)

उत्तर : ठोका आणि थरथर हे दोन वेगळे दोष असू शकतात, पण दोन्ही एकाच प्रोपेलर शाफ्टवर सापडायची शक्यता जास्त.

आधी क्रॉस, म्हणजे शाफ्टचा कोनातही फिरणारा जोड. गाडी सपाटीवर, ओंडके लावलेले, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या एका बाजूचा योक (दोन बोटांचा चिमटा) एका हाताने आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. चांगल्या क्रॉसला तिथे प्ले नसतो. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला नीट बघा, तपकिरी-लाल भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. गाडी हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव येत होती का, आठवून बघा. ती ठोक्याच्या दोन-तीन महिने आधी येते आणि बहुतेक जण तिकडे कानाडोळा करतात.

क्रॉस ठीक असतील तर सरकता जोड बघा. पाटे दबले की शाफ्टची लांबी बदलावी लागते, त्यासाठी तिथे खाचांचा जोड असतो. तो कोरडा पडला की माल भरल्यावर अडकतो आणि गाडी उचलताना एकदम सुटतो. तोच ठोका. शाफ्ट काढून खाचा साफ करायच्या आणि मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस लावायचं. ठोका त्या दिवशीच थांबला तर नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. पाट्यांचे यू-बोल्टही आवळून बघा. ते सैल असतील तर अ‍ॅक्सलच जागचा सरकतो आणि तसाच आवाज देतो. नवीन पाटे बसवलेल्या गाडीत तर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच असतात.

थरथरीला कारण बहुधा मधलं सेंटर बेअरिंग. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग आधार देतं. रबर फाटलं की भार येताच शाफ्ट उचलला जातो, क्रॉसचा कोन बिघडतो आणि गाडी सुटताना थरथरते; वीसच्या पुढे गेली की बरी होते. टॉमी (लोखंडी पहार) घालून बेअरिंग हळूच उचला, रबर चिरलेलं असेल तर लगेच दिसेल.

शाफ्ट उतरवायच्या आधी पांढऱ्या रंगाने फ्लँजवर आणि खाचांच्या जोडावर खुणा करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. क्रॉस कोनात फिरताना एका फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक खोडून काढतो. जोड एक खाच चुकून बसला तर फरक पूर्ण खोडला जात नाही. नवीन क्रॉस घालूनही 'गाडी साठला हादरते' अशा तक्रारींत हे बरेचदा निघतं. क्रॉस घालताना शेगड्यात (व्हाइसमध्ये) कप सरळ दाबा, हातोडीने ठोकू नका. एक सुई आडवी पडली की सर्कलिप (कपाला धरणारी कडी) बसत नाही. कपाला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारा.

प्रश्न : गिअरबॉक्सचं तेल बदलल्यापासून दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो, सकाळी जास्त. तेल 'नव्वद नंबर'च आहे, गॅरेजवाला म्हणतो सगळीकडे हेच चालतं. (भोसरी)

उत्तर : नव्वद हा फक्त जाडीचा आकडा झाला. डब्यावर दुसरी खूण असते, जीएल-४ किंवा जीएल-५, आणि घोळ तिथे होतो. डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे जीएल-५ लागतं. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात. त्यांचं काम गिअर बसण्याआधी त्याला पकडून वेग जुळवण्याचं. काही जीएल-५ तेलांतली द्रव्यं पितळ खातात, आणि निसरडेपणामुळे रिंगची पकडही उशिरा लागते. पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घाला. दोन्हीकडे एकच डबा वापरायची सवय फक्त दुकानदाराच्या सोयीची आहे.

तेल बदलताना आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालचा काढून सगळं तेल सांडून बसलात, तर गाडी तिथेच अडकली. मग गाडी थोडी फिरवून तेल कोमट करा आणि खालचा प्लग काढा. त्याच्या चुंबकावर काय आहे ते कागदावर पुसून उजेडात बघा. करडा, लोण्यासारखा मऊ लेप नेहमीचाच. सोनेरी चमचम म्हणजे सिंक्रो रिंगची झीज, पण पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तेलातही शोधा. नखाएवढा तुकडा किंवा दाताचं टोक निघालं तर गाडी हलवू नका. भरताना गाडी सपाट हवी, आणि तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. या गाड्यांत ते साधारण दीड ते अडीच लिटर बसतं. प्लगचं वॉशर नवीन.

योग्य तेल घालून ५०० किलोमीटर चालवा. तरीही कर्रकन येत असेल तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी क्लच तपासा. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही रिव्हर्स कुरकुरला तर क्लच पूर्ण सुटत नाही: तेलाच्या नळीत हवा, खालचा सिलिंडर गळका किंवा पेडलची मोकळीक जास्त. रिव्हर्स शांत बसतो आणि फक्त दुसराच कुरकुरतो, तर दुसऱ्याची रिंग. गिअरबॉक्स उघडल्यावर रिंग गिअरच्या कोनावर दाबून दोघांमधली फट फिलर गेजने मोजतात. नव्या रिंगला ती साधारण १ मिलिमीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली तर रिंग बदला, आणि सोबत स्लीव्हच्या (गिअरवर सरकून बसणाऱ्या कड्याच्या) दातांची टोकं गोल झाली आहेत का तेही बघा. गोल झाली असतील तर एकटी नवी रिंग फार दिवस तग धरणार नाही.

प्रश्न : गाडी उभी, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढला की घरघर. क्लच दाबला की बंद. रिलीज बेअरिंग बदलू का? (कोंढवा)

उत्तर : नको, ते निर्दोष आहे. (पेडल दाबल्यावर क्लच सोडवतं ते रिलीज बेअरिंग.) क्लच दाबल्यावर जो आवाज सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा. दाबल्यावर जो बंद होतो तो गिअरबॉक्सच्या आतला, इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत येणाऱ्या) किंवा त्याने फिरणाऱ्या खालच्या काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा, कारण क्लच दाबला की हे दोन्ही फिरायचे थांबतात. आता गाडी चालवून चौथ्यात घाला. पाच गिअरच्या अशा बहुतेक बॉक्समध्ये चौथा सरळ असतो, भार काउंटर शाफ्टवरून जात नाही. चौथ्यात आवाज जवळजवळ नाहीसा झाला आणि तिसऱ्यात-दुसऱ्यात परत आला तर काउंटर शाफ्ट. चौथ्यातही राहिला तर इनपुटचं बेअरिंग. तेलाची पातळी आधी बघा, हे सांगायला नको.

प्रश्न : कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटतो. ड्रायव्हर हाताने दांडा धरून ठेवतो. आता तो म्हणतो त्यापेक्षा न्यूट्रलच बरं, डिझेलही वाचतं. (धायरी)

उत्तर : त्या उतारावर माल भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, आजपासूनच. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. काही जण त्याही पुढे जाऊन इंजिन बंद करतात. मग ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. गिअरबॉक्सचंही नुकसान ठरलेलं. आतलं तेल काउंटर शाफ्ट फिरून उडवतो, आणि तो फिरतो इंजिनावर. इंजिन बंद, न्यूट्रल, चाकं पळताहेत, अशा वेळी मेन शाफ्ट (चाकांकडे ओढ नेणारा) कोरडा फिरतो. याच कारणाने बंद पडलेली पिकअप मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा.

डिझेल वाचतं हाही गैरसमज. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये रेस सोडली की इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला ते लागतंच.

दोष बाहेरून आत शोधत जा. गिअरबॉक्सचं मागचं रबर माउंटिंग तुटलं असेल तर रेस सोडताना अख्खा बॉक्स सरकतो आणि दांडा गिअर ओढून काढतो. हे सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी. मग दांड्याचे बुश आणि जोडणी: गिअर पूर्ण बसतो का, की कव्हरला किंवा सीटला आधीच अडतो? मग आतली गोळी आणि स्प्रिंग, जी गिअर सरकवणाऱ्या पट्टीला खाचेत धरून ठेवते. स्प्रिंग तुटते किंवा थकते. या तिन्हींत काही निघालं नाही तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल: झिजलेला फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), गोल झालेले स्लीव्हचे दात, किंवा मेन शाफ्टचा पुढे-मागे प्ले. दांडा धरून चालवणं थांबवा. त्याने फोर्क सतत स्लीव्हवर घासतो आणि एका दोषाचे दोन होतात.

प्रश्न : पावसात सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून गाडी काढली. आता मागच्या डाव्या ड्रममधून तेल ओघळतं आहे. (वडगाव बुद्रुक)

उत्तर : आधी हौसिंगवरची हवा सुटायची नळी किंवा टोपी बघा. चिखलाने ती बुजते. गाडी तापली की आतली हवा फुगते, वाट मिळत नाही आणि तेल सील ढकलून ड्रममध्ये येतं. गरम हौसिंग पाण्यात गेलं की उलटं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर सगळं बदला. नवीन भरून शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि परत दुधाळ झालं तर पुन्हा बदला. नळी मोकळी न करता नवीन सील घातलं तर पुढच्या महिन्यात तेही गळेल. तेल प्यायलेले ब्रेक लायनर धुऊन परत वापरू नका, दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल.

पिनियनचं सीलही गळत असेल तर नट सोडायच्या आधी नट, शाफ्ट आणि फ्लँज यांवर एका रेषेत खूण करा आणि किती आटे बाहेर आहेत ते मोजा. बऱ्याच हौसिंगमध्ये आत दबणारी बाही असते. नट जास्त आवळला तर ती जादा दबते आणि बेअरिंगचा ताण बिघडतो. दोन महिन्यांनी हुंकार सुरू झाला की लोक क्राऊन-पिनियनला दोष देतात.

प्रश्न : जुन्या बाजारात अख्खा मागचा अ‍ॅक्सल स्वस्तात मिळतोय. मॉडेल तेच. घ्यावा का? (पिंपरी)

उत्तर : मॉडेल तेच असलं तरी दातांचं प्रमाण वेगळं असू शकतं. ११ दातांची पिनियन आणि ४१ दातांची क्राऊन म्हणजे ३.७३, ९ आणि ३७ म्हणजे ४.११. पहिल्याच्या जागी दुसरा बसवलात तर चढाला जोर येईल, पण हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिन दहा टक्के जास्त फिरेल आणि गिअरबॉक्सवरून चालणारा मीटर वेग वाढवून दाखवेल.

तुमच्या गाडीचं प्रमाण मोजायला हौसिंग उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना आणि एका मागच्या चाकाला ओंडके लावा, दुसरं मागचं चाक उचलून घोडी द्या. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टच्या फेऱ्या मोजायला सांगा. पावणेचारच्या जरा आत थांबली तर ३.७३, चार फेऱ्यांच्या जरा पुढे गेली तर ४.११. (चाक दोनदा फिरवायचं, कारण दुसरं चाक स्थिर असताना क्राऊन निम्म्याच वेगाने फिरते.) बाजारातल्या अ‍ॅक्सलवरही हेच करता येतं, एका बाजूची फ्लँज पक्की धरून. फिरवताना खरखर लागली, किंवा भरायच्या प्लगमध्ये बोट घातल्यावर गंजाचा लाल चिखल आला, तर फुकटही घेऊ नका.